गायत्रीचे चौदा ‘यस’

८ सप्टेंबर, सोमवार

आज गायत्रीने चौदा वेळा ‘यस’ म्हटलं. मी मोजले. फळ्यावर लिहिता लिहिता विचारत होते. नाव काय? यस. आज वार कोणता? यस. डबा खाल्लास का? यस! — हे एक तरी बरोबर आलं.

चौथीत आहे. जूनमध्ये धुळ्याकडून इथे सुरतेत, भेस्तानला आली, थेट आमच्या इंग्रजी शाळेत. माझ्या जादा तासाला अशी अकरा रत्नं आहेत. अहिराणी, हिंदी, गुजराती, उडिया सगळं फाडफाड बोलतात. इंग्रजी म्हटलं की अचानक सगळ्यांना पाणी प्यायला जायचं असतं!

१० सप्टेंबर, बुधवार

डिक्टेशन घातलं. बाकांमधून फिरत फिरत, छान ठणठणीत आवाजात. गायत्रीची वही कोरी. मागून दोन हाका मारल्या, बाईसाहेब ढिम्म! मग समोर जाऊन रागावले, तर गोड हसली. आता हिच्यावर चिडायचं तरी कसं?

कुंदन सर म्हणाले, ‘गणिताच्या तासालाही तोंड उघडत नाही.’ सरांच्या मिशा ओठांवरून खाली उतरल्यात. त्या मिशांपुढे मीही उघडलं नसतं.

१२ सप्टेंबर, शुक्रवार

मोठ्या बेननी, म्हणजे आमच्या मुख्याध्यापिकांनी, बोलावलं. ‘स्वातीबेन, आ छोकरी बोलती नथी.’ पुढच्या शनिवारी त्या स्वतः तोंडी परीक्षा घेणार. नाही बोलली तर सोमवारपासून दुसरीत. चौथीतली पोर, दुसरीच्या चिमुकल्या बाकावर! मला वाईट वाटलं. आणि खरं सांगायचं तर, आपली फजिती होणार म्हणूनही वाटलं.

१५ सप्टेंबर, सोमवार

शाळा सुटल्यावर तिच्या घरी गेले. घरापर्यंत कसली जातेय — गल्लीच्या तोंडाशीच गायत्रीचा आवाज! शाळेत मुकी, घरी लाउडस्पीकर.

तिची आई पुष्पाबाई डबा घेऊन लूमच्या कारखान्यात निघाली होती. आम्हीही गेलो. आत तो खडखडाट! माझं मलाच ऐकू येईना. गायत्रीचे वडील भटूभाऊ पार टोकाच्या मशीनवर. गायत्रीने दारातूनच बोटं हलवली, ओठ हलवले. तिकडून त्यांनी हलवले. झालं बोलणं! काय ते पुष्पाबाईने नंतर सांगितलं — भाजी कोणती, कधी येणार, हे कशाला आणलं (हे म्हणजे मी). तिथे सगळेच असे बोलतात.

बाहेर आल्यावर भटूभाऊ म्हणाले, ‘पोर हुशार शे, बाई. तिले बठ्ठं समजस.’ सगळं समजतं म्हणे.

पुष्पाबाई म्हणाली, ‘आमना घरमा बी असंच चालस. नहीतं वरडनं पडस.’ आणि हे तिने मला ओरडूनच सांगितलं. चहा मात्र फक्कड.

१७ सप्टेंबर, बुधवार

डोक्यात आलं ते केलं — कारखान्याचा खेळ! मी आवाज न काढता नुसते ओठ हलवून इंग्रजी प्रश्न विचारायचे, पोरांनी उत्तर द्यायचं. शुभम म्हणाला, ‘टीचर, बॅटरी संपली का?’ सगळे खिदळले.

आणि गायत्री! अकरा प्रश्न, अकरा उत्तरं. दुसऱ्यांना बोलायलाच देईना. वाक्यंच्या वाक्यं, इंग्रजीत! मी ठरवूनच टाकलं — पोरगी लाजाळू आहे, खेळात खुलते. बी.एड.ला हे शिकवलं होतं. स्वतःवर भलतीच खूश आहे आज.

२० सप्टेंबर, शनिवार

परीक्षा. मोठ्या बेननी प्रश्नांचा कागद तोंडापुढे धरला आणि सुरू. व्हॉट इज युअर मदर्स नेम? यस. हाऊ ओल्ड आर यू? यस. बेननी पेन उघडलं.

मी म्हटलं, ‘बेन, एकच मिनिट, माझ्या पद्धतीने.’ गायत्रीसमोर उकिडवी बसले. आवाज अजिबात न काढता नुसते ओठ हलवले — वडील काय काम करतात?

पोरगी खणखणीत बोलली. माय फादर रन्स ट्वेल्व्ह मशीन्स. आई, गाव, डबा, सगळं सांगितलं. बेन थक्क. ‘अरे वाह, तमे तो जादूगर छो!’ गायत्री चौथीतच राहणार. दुपारी कुंदन सरांना माझ्याकडून आइसक्रीम. मिशांना लागलं ते सांगितलं नाही.

२१ सप्टेंबर, रविवार

गवार निवडता निवडता हात थांबला.

काल निघताना गायत्रीला विचारलं होतं, आवाज नसताना कसं गं कळलं तुला? ती म्हणाली, ‘तुम्ही रोज असंच तं बोलतस, टीचर.’ मी हसले होते.

रोज? रोज मी घसा फोडून बोलते.

मागून मारलेल्या हाका. कुंदन सरांच्या मिशा. तोंडापुढे धरलेला कागद.

तिला नीट ऐकू येत नाही. लाजाळू नाही ती, आणि मी जादूगार नाही. घरात सगळेच हातांनी आणि ओरडून बोलतात, त्यांना कसं कळणार? मला कळायला हवं होतं. भटूभाऊंना फोन केला. आधी ‘नही, नही’ म्हणाले, मग डॉक्टरचा पत्ता विचारला. उद्या सकाळी आम्ही तिला कानाच्या डॉक्टरकडे नेतोय.

जूनपासून दर महिन्याला मी तिच्या नावापुढे लिहितेय — ‘लक्ष देत नाही.’