दुसऱ्याआधी तिसरं रीळ

रविवार, ४ फेब्रुवारी

घात झाला! तिसरं रीळ दुसऱ्याच्या आधी लावलं. चाळीस वर्षं सिनेमाचं मशीन चालवतोय, असं कधी झालं नव्हतं. डब्यांवरचे आकडे पुसट होते— नाही, खोटं कशाला लिहू? ठळकच होते. मलाच दिसले नाहीत.

जुना इंग्रजी भयपट. हवेलीत काळे झगे घातलेले साहेब लोक खडूचं रिंगण काढून सैतानाला बोलावतात. एका म्हाताऱ्या उमरावाची पुतणी त्यांच्या तावडीत सापडते. तिसऱ्या रिळात ती रिंगणात मरते. मग मी पुढचं रीळ चढवलं, आणि मशीनच्या खोलीतून ऐकतो तर काय— तिचाच आवाज! काकाला विचारतेय, साखर किती घालू? मध्येच थांबवावं तर बोभाटा. चालू दिलं.

खाली कुणी हूं की चूं केलं नाही. आमच्या मंडळाची रीतच तशी. चित्रपटाबद्दल तोंडाने बोलायचं नाही. निनावी चिठ्ठी लिहायची आणि दाराजवळच्या बिस्किटांच्या डब्यात टाकायची. तो डबा मशीनवाल्याने घरी न्यायचा, चिठ्ठ्या वहीत चिकटवायच्या, आणि पुढच्या रविवारी निवडक मतं सगळ्यांना ऐकवायची. मशीनवाला म्हणजे मी. डबा समोर आहे. उघडायचा धीर होत नाही. मशीन हातातून गेलं तर मी करू काय दिवसभर?

(जाड मार्करने लिहितोय. पानावर आठ ओळी मावतात.)

सोमवार, ५ फेब्रुवारी

चिठ्ठ्या सून वाचून दाखवते. वर्ष झालं. मी म्हणतो, चष्मा सापडत नाही. ती म्हणते, द्या इकडे बाबा. मुलगा सारखा मागे लागतो— डोळे दाखवा, मोतीबिंदू काढून टाका. ती एका शब्दाने बोलत नाही. अहो, ऑपरेशन म्हटलं की मंडळाला कळणार, आणि कळलं की मला मशीनवरून उठवणार!

सकाळी भाजी निवडता निवडता तिने डबा उघडला. पहिली चिठ्ठी हातात घेऊन बराच वेळ गप्प. म्हटलं, वाच की! मग वाचली. 'मेलेली मुलगी परत येऊन चहा ओतते आणि कुणाला काहीच वाटत नाही! अक्षरशः पोटात गोळा आला.'

मी हसतच सुटलो. पुढची: 'सैतानाचा धूर अक्षरशः बंबाच्या वाफेसारखा, पण त्या मुख्य साहेबाची भुवई जबरदस्त.' मग आणखी एक: 'काकाची दया आली. आपलं गेलेलं माणूस असं परत आलं, तर आपणही काही विचारणार नाही. मुकाट्याने कप पुढे करू.'

यावर हसू आलं नाही. बायकोला जाऊन सहा वर्षं झाली. ती आली तर मीही कपच पुढे करीन.

एकूण सव्वीस चिठ्ठ्या. तक्रार एकही नाही! लोक एवढे शहाणे कधी झाले? आणि अक्षरशः म्हणायची साथच आलीय मंडळात. सुनेचा आवडता शब्द. हिचं दूधसुद्धा अक्षरशः उतू जातं.

तिने वाचायचं, मी डिंक लावून बोटांनी चाचपत चिकटवायचं. तासभर मजेत गेला.

रविवार, ११ फेब्रुवारी

आज रिळांच्या डब्यांना सुतळी बांधली. एकाला एक गाठ, दोनाला दोन. काही चुकलं नाही.

सुरुवातीला उभं राहून आठ मतं तोंडपाठ म्हणून दाखवली. आधी नुसत्या खुर्च्या करकरल्या. 'हे लिहिलं कुणी?' शिंपीकाका पुटपुटले. मग टाळ्या! कपाच्या मताला तर पुन्हा एकदा!

मंडळातल्या निवृत्त नर्सबाईंनी हात धरून जिना उतरवला. म्हणाल्या, 'चिठ्ठ्या सून वाचते ना? भाग्यवान आहात हो.' यात भाग्य ते काय, वाचता तर कुणालाही येतं. पण बरं वाटलं.

सोमवार, १२ फेब्रुवारी

आज एक आगाऊ चिठ्ठी निघाली. सून अडखळत वाचत होती. 'मशीनवाल्यांनी डोळे दाखवून घ्यावेत. जागा त्यांचीच राहील. असा माणूस दुसरा मिळायचा नाही.'

तळपायाची आग मस्तकात गेली. कोण हा टिकोजीराव? संध्याकाळी म्हटलं, प्रेक्षकाचं मत आहे, डावलून चालणार नाही. घे डॉक्टरांची वेळ. ती घाईघाईने आत गेली. बराच वेळ नळ चालू होता.

मंगळवार, २० फेब्रुवारी

उजवा डोळा झाला. दुखलंसुद्धा नाही! वर्षभर उगाच घाबरलो. हे पान सून लिहितेय, मी सांगतोय. (बाबांनी डॉक्टरांना दोनदा दम दिला, हे मी माझ्या मनाने लिहिलंय.)

गुरुवार, २२ फेब्रुवारी

मंडळाच्या चिटणिसांचा फोन. मी येईपर्यंत पडदा बंद ठेवणार म्हणे. विचारलं, दुसरा माणूस बघितला नाही? म्हणाले, 'कशाला? तुम्ही या सावकाश.' आणखी काय हवं माणसाला!

शुक्रवार, १ मार्च

भिंत पिवळी नाही, पांढरी आहे! सुनेचे केस पिकायला लागलेत. कधीपासून?

ती बाजारात गेली होती. नवा चष्मा लावला आणि वही काढली. म्हटलं, ती मतं एकदा स्वतःच्या डोळ्यांनी वाचू.

'रीळ उलटसुलट लावलं. मशीनवाला झोपला होता का?'

'काही कळलं नाही.'

'म्हाताऱ्याला आता घरी बसवा.'

'पंखा बंद होता.'

सव्वीसच्या सव्वीस वाचल्या. कप नाही. भुवई नाही. अक्षरशः हा शब्द एकदाही नाही. बारा तारखेचं पान उघडलं, डोळे दाखवा म्हणणारी चिठ्ठी शोधायला. तिथे एक कोरा कागद. माझ्याच हाताने नीट चिकटवलेला.

आधी कान तापले. एवढ्या लोकांपुढे मी ते तोंडपाठ म्हटलं! आणि त्यांनी टाळ्या वाजवल्या— काय लिहिलं होतं ते माहीत असून. मग वही मांडीवर घेऊन रडलो. वर्षभर दर सोमवारी ही पोर हातातलं काम टाकून सव्वीस माणसांच्या वतीने एकटी बोलत होती. माझ्यासाठी. पोटच्या मुलीने केलं नसतं एवढं.

ती आली तेव्हा वही कपाटात होती. काही बोललो नाही. चहा मात्र मी केला.

सोमवार, ११ मार्च

काल तोच भयपट लावला, नीट क्रमाने. आधी उभं राहून कबूल केलं, मागे रीळ चुकलं होतं. कुणीही दचकलं नाही.

आज सुनेने डबा माझ्यापुढे सरकवला. 'बाबा, आता तुम्हीच वाचा.'

म्हटलं, 'चष्मा सापडत नाही.'

चष्मा नाकावर होता. तिने बघितला. मग खाली बसली आणि एक चिठ्ठी उचलली. तिच्यावर दोनच शब्द होते— 'बरा होता.' मला इथून स्वच्छ दिसत होते.

'अक्षरशः...' तिने सुरुवात केली, आणि कितीतरी वेळ वाचत राहिली.