लाल सोंगटी दोन घरं पुढं

अहो,

तुम्ही डेअरीला दूध घालून यायच्या आत आम्ही पुण्याला निघालोय, त्या बोर्डगेमच्या जत्रेला. गाडी वैजनाथभाऊजींची आहे. तुम्ही घरी असता तर उंबरा ओलांडू दिला नसता, म्हणून न सांगता चाललेय. आपल्या समर्थनं आणि भाऊजींच्या पूजानं तिथल्या स्पर्धेत जोडीनं नाव घातलंय. तुम्हा भावांच्या अबोल्यात पोरांचा काय गुन्हा?

आता खरं सांगते. दिवाळीत लुडो खेळताना भाऊजींनी तुम्हाला सगळ्यांदेखत लबाड म्हटलं आणि एका अंगणात दोन चुली झाल्या. ती लाल सोंगटी तुम्ही सरकवलीच नव्हती. फराळाची ताटं उचलताना माझा पदर लागून ती पडली आणि मी घाईत दोन घरं पुढं ठेवली. तुम्ही एकमेकांवर धावून गेलात, तशी माझी वाचाच बसली. मग रोज म्हणायचे, उद्या सांगू.

आज गाडीत भाऊजींना सांगणार आहे. तुमच्यासमोर तोंड उघडेना, म्हणून ही चिठ्ठी.

पिठलं-भाकरी झाकून ठेवलीय. भाऊजींचा फोन आला तर या वेळी कट करू नका. माझा आला तर उचलायचा का नाही, ते तुम्ही ठरवा.

ज्योती