लॅबच्या गावी जाणाऱ्या सुनेस

कोलशेत, ठाणे
मंगळवार, दुपार

प्रिय जागृती,

विमलाबाईंनी हे पाकीट दिलं की आधी पत्र वाच. पाकिटात आणखी एक वस्तू आहे, कागदात गुंडाळून चिकटपट्टी लावलेली. ती पत्र संपेपर्यंत उघडू नकोस. आणि तुझ्या आईसमोर वाचायला बसू नकोस. त्यांच्यावर माझा राग नाही, पण त्या रडायला लागतील आणि तुझं वाचणं तसंच राहील. विमलाबाई आमच्याकडे पोळ्या करतात, राहतात तुझ्या माहेराजवळच, कळव्यात, म्हणून त्यांच्या हाती देतेय. फोनवर बोलता आलं असतं म्हणशील, तर आपल्या दोघींचं फोनवर कधी धड बोलणं झालंय का? इकडे हे, विनीतचे बाबा, शेजारीच कान देऊन बसलेले असतात, आणि तुला फोन केला की संध्याकाळी विनीतचा प्रश्न ठरलेला, "आई, जागृतीशी काय बोललीस?" तू त्याला सगळं सांगतेस, त्यात तुझा दोष नाही. नवीन लग्न आहे, नवऱ्याला सांगावंसं वाटणारच.

शनिवारी विनीत येतोय आणि पुढच्या गुरुवारी तुला घेऊन जाणार. तू पहिल्यांदाच देशाबाहेर पडतेयस. मी तिथे राहून आलेय. तीन महिन्यांसाठी गेले होते, पाच आठवड्यांत परत आले. का, ते पुढे येईलच. माझा सारा जन्म इथल्या औषधाच्या कारखान्यात डिस्पॅचला गेला. एकदा माल गेटबाहेर पडला की तो परत आणताना काय नाकी नऊ येतात, ते मला कोणी शिकवायला नको. म्हणून तू निघायच्या आधी सगळं एकदा तपासून घेऊ.

विनीत काम करतो ती लॅब म्हणजे आपल्याला वाटते तशी एखादी इमारत नव्हे. डोंगराच्या पायथ्याशी पसरलेलं गावच आहे ते. जगभरातली माणसं. कोणी कोणाला सर म्हणत नाही, मोठमोठे शास्त्रज्ञसुद्धा हातात ट्रे घेऊन कॅन्टीनच्या रांगेत उभे असतात. भात मिळतो, पण त्याला भात म्हणायला मन मोठं लागतं. रविवारी दुकानं बंद, मीठ संपलं तर सोमवारपर्यंत कळ काढायची. ट्राममध्ये तिकीट बघायला कोणी दिसत नाही म्हणून फुकट बसू नकोस, तपासनीस साध्या कपड्यांत येतात. कुकर नेणार असशील तर शेजाऱ्यांना आधी सांगून ठेव. मी पहिल्याच दिवशी डाळ लावली, तर तिसऱ्या शिट्टीला खालच्या मजल्यावरची बाई धावत वर आली, तिला वाटलं काहीतरी फुटणार. मग तिला वरण-भात खाऊ घातला, तेव्हा कुठे तिच्या जिवात जीव आला. आणि बूट इथून घेऊ नकोस. तुझ्या क्लिनिकच्या समोर, खोपटला, ते दुकान आहे ना, तिथलेच मी नेले होते. बर्फ बघितल्याबरोबर त्यांनी तोंड उघडलं.

ही झाली वरवरची तयारी. आता नीट लक्ष दे. लॅबच्या मुख्य दाराशी नव्याने येणाऱ्यांसाठी एक ऑफिस आहे. शास्त्रज्ञांसाठी आहे तसंच त्यांच्या बायकांसाठी, नवऱ्यांसाठीही. घर, दवाखाना, मुलांची शाळा, सगळं तिथे सांगतात. मंगळवारी सकाळी तिथेच कॉफी असते, आणि तिथली भाषा शिकवायचा वर्गही. पैसे घेत नाहीत. तुझं तिथे राहण्याच्या परवान्याचं कार्ड तयार झालं की ते तुझ्याच हातात देतात, त्यासाठी तुला स्वतः जावं लागतं. ते घेतल्यावर तुझ्या पर्समध्ये ठेव. कोणालाही सांभाळायला देऊ नकोस. "कोणालाही" लिहिलंय ते मुद्दाम. बँकेत खातं तुझ्या एकटीच्या नावाचं काढ. तुझ्या फोनचं सिमकार्ड तुझ्या पासपोर्टवर घे. आणि ११२ हा तातडीच्या मदतीचा नंबर पाठ कर, तिथे इंग्रजीत बोललं तरी कळतं.

तू म्हणशील, आईंना आज झालंय तरी काय. जागृती, आपल्याकडची एक रीत तिथे फार महागात पडते. आपण किमती वस्तू घरातल्या कर्त्या माणसाच्या स्वाधीन करतो आणि त्याला विश्वास म्हणतो. तुझा व्हिसा लागून पासपोर्ट कुरियरने आमच्याकडे आला, कारण विनीतने पत्ताच आमचा दिला होता. तू घ्यायला आलीस. मी तो तुझ्या हातात ठेवला आणि तू उलट माझं कपाट उघडून दागिन्यांच्या डब्याशेजारी ठेवून दिलास. "आई, तुमच्याकडेच सेफ राहील." यांना केवढं कौतुक वाटलं! जेवताना दोनदा म्हणाले, मुलगी गुणाची आहे. मी मात्र ताट सारून उठले. कारण मायानेही असंच केलं होतं.

माया म्हणजे विनीतची पहिली बायको, डोंबिवलीची. तुला एवढंच ठाऊक आहे की तिला तिकडे जमलं नाही. बघण्याच्या कार्यक्रमात तुझ्या बाबांनी विचारलं तेव्हा यांनी तेच उत्तर दिलं. मी लगेच म्हणाले होते, "जमलं नाही कसं, जमू दिलं नाही." तुम्ही सगळे हसलात. मी एरवी सगळ्यांची टोपी उडवत असते, त्यामुळे खरं बोललेलंही थट्टेत गेलं. साखरपुड्याला तुझ्या आईला बाजूला घेतलं. त्यांनी माझे हात धरले. म्हणाल्या, "ताई, पत्रिका जुळलीय, हॉल बुक झालाय, आता पहिलीचं नाव नको." तुला एकटीला गाठायला म्हणून क्लिनिकवर आले, तर तुला घ्यायला तुझे बाबा स्कूटर घेऊन हजर. आपण तिघांनी उसाचा रस प्यायला आणि मी परत आले. आठवतंय ना? मी रस प्यायला आले नव्हते गं.

तर माया. विमानतळावरून घरी पोचल्यावर तिने पासपोर्ट विनीतच्या हातात दिला. मग परवान्याचं कार्ड आलं, तेही दिलं. तो म्हणाला, लॅबच्या लॉकरमध्ये ठेवतो, घरात चोऱ्या होतात. तिथे दारात सायकल ठेवली तरी कोणी नेत नाही! मी गेले तेव्हा मायाला तिथे जाऊन वर्ष होत आलं होतं आणि तिच्याकडे दुकानात पैसे द्यायला स्वतःचं बँकेचं कार्ड नव्हतं. भाजीला जायचं तर तो मोजके पैसे टेबलावर ठेवायचा. फोन त्याच्या नावावर, त्यामुळे ती कोणाशी किती बोलली ते त्याला कळायचं. आवाज कधी चढवायचा नाही हं. उलट सगळं हसत, लाडात. "आई, टेन्शन नको घेऊ, तिचं सगळं मी बघतो." मीही पहिले दोन दिवस हेच समजले की मुलगा फार काळजी घेतो. मग एकदा माया ताटं घासताना म्हणाली, "आई, मला इथून स्टेशनवरसुद्धा जाता येत नाही." तेव्हा तिच्या तोंडाकडे बघितलं.

मीच तिला म्हणाले, चल, तो भाषेचा वर्ग तरी कर. मंगळवारी दोघी गेलो. मी कॉफी प्यायले, ती वर्गात बसली. तिला मी पहिल्यांदाच हसताना बघितलं. पुढच्या मंगळवारी मला ताप होता, ती एकटी गेली. विनीत नेमका लवकर घरी आला. ती परत आली तेव्हा त्याने आतून कडी घातली आणि सोफ्यावर बसून लॅपटॉप उघडला. ती दार वाजवत होती. ती बर्फातून चालत आलेली, पायात साधे कापडी बूट. मी म्हटलं, विनीत, दार उघड. तो म्हणाला, "आई, तू मध्ये पडू नको ना, तिला कळू दे." मी उठून कडी काढली, आणि ती आत यायला घाबरतेय हे बघितल्यावर शाल घेऊन तिच्याजवळ जिन्यावर जाऊन बसले. अंगात ताप, आणि बाजूला ही पोर थरथरतेय. खालची वरण-भातवाली बाई आली आणि आम्हां दोघींना आत घेऊन गेली. त्यानंतर विनीतने माझं तिकीट बदललं. सगळ्यांना सांगितलं, आईला थंडी मानवली नाही.

माया नंतर कशी सुटली ते तिच्याच तोंडून ऐक. मी इतकंच सांगते, की त्या नव्यांच्या ऑफिसातल्या बाईने तिला एकच प्रश्न विचारला, "तुमचा पासपोर्ट तुमच्याकडे आहे का?" आणि तिने पहिल्यांदाच नाही म्हटलं. पुढचं त्या लोकांनी केलं. ती मुंबईला उतरली तेव्हा तिला आणायला मी गेले होते. हे माझ्याशी दोन महिने बोलले नाहीत.

विनीत माझा मुलगा आहे, जागृती. त्याच्याविरुद्ध लिहिताना हात जड होतो. तो हुशार आहे, माझ्या गुडघ्याच्या गोळ्या संपत आल्या की तिकडून मला आठवण करून देतो, त्याची मला रोज आठवण येते. लहान होता तेव्हा सुट्टीत माझी भाची पायल राहायला यायची. तिचा घरी जायचा दिवस आला की हा तिच्या चपला लपवायचा. एकदा माळ्यावरच्या पिंपात सापडल्या. पायल रडतेय, हा हसतोय, आणि सगळी मोठी माणसं म्हणताहेत, बहिणीवर काय जीव आहे बघा. मी चपला काढून पायलला दिल्या, तर तो दोन दिवस माझ्याशी बोलला नाही. माया परत आल्यावर तो सुट्टीला इथे आला, तेव्हा मी त्याला समोर बसवून विचारलं, असं का केलंस रे? तो म्हणाला, "आई, मी तिला काय कमी केलं?" त्याला खरंच कळत नाही. याचीच मला सगळ्यात जास्त भीती वाटते. ज्याला चूक कळते तो एखादवेळी सुधारतो तरी.

परवा रविवारी त्याचा व्हिडिओ कॉल आला. इकडचं तिकडचं बोलून म्हणाला, "आई, जागृतीचा पासपोर्ट नीट ठेवलायस ना? दाखव बरं." मी म्हटलं, कपाटात आहे. "कपाट उघडून दाखव." मी फोन धरून कपाट उघडलं, तुझं ते निळं कव्हर दाखवलं. "हां, मस्त. आता मी येईपर्यंत कोणाच्या हातात देऊ नको. जागृतीने मागितला तरी." मग हसला, अगदी लहानपणी हसायचा तसा. मी फोन ठेवला आणि पलंगावर बसून राहिले. हे विचारत होते, चहा करतेस ना? तुझी नोकरीही त्याने सोडायला लावली, हो ना? नोटिशीची मुदत या शुक्रवारी संपते, तुझ्या आई म्हणत होत्या.

आता ऐक. वर जे सगळं लिहिलं, कार्ड, बँक, ११२, ते तू तिथे नीट राहावीस म्हणून लिहितेय, असं मीही दोन पानं होईपर्यंत समजत होते. तसं नाही. तू जाऊ नयेस म्हणून लिहितेय. पण जा किंवा जाऊ नकोस हे मी ठरवलं, तर मी आणि तो सारखेच. तू ठरव. चिकटपट्टी काढ, आत तुझा पासपोर्ट आहे. या पत्राच्या मागच्या पानावर मायाचा नंबर पेन्सिलीने लिहिलाय, तिला सांगून ठेवलंय, ती वाट बघतेय. शुक्रवारच्या आत क्लिनिकला कळव की नोकरी सोडत नाहीयेस. शनिवारी तुमच्याकडे कोणी आलं तर दार उघडायला बाबांना पुढे कर, आणि तुझ्या आईला सांग, बोल लावायचा तर नंदाला लाव, मी ऐकून घेईन. तुझे दागिने मी स्वतः घेऊन येईन, ते माझ्याकडे राहायचं काही कारण नाही. आणि समज, तरीही गेलीस, तर पासपोर्ट अंगावर ठेवून जा आणि त्या ऑफिसातल्या बाईला पहिल्याच आठवड्यात भेट. माझी काळजी करू नकोस. ते निळं कव्हर अजून कपाटात, दागिन्यांच्या डब्याशेजारीच आहे. विनीतने उद्या पुन्हा कॅमेऱ्यात बघितलं तर त्याला दिसेल. शनिवारी तो ते उघडेल तेव्हा आत माझा पासपोर्ट असेल, तिथे जाताना काढलेला. माझा फोटो बघून तो मान वर करेल, तेव्हा मी समोरच उभी असेन.

तुझीच, तू न गेलीस तरी तुझीच,
नंदा