चतुर्थीची गैरहजेरी

१२ सप्टेंबर १९९४

सगळं संपलं! कॉलेजच्या फाटकाशी शिवकन्या दिसली. "आमच्या बापूंच्या हातात हजेरीचा कागद आहे. तुझी नि माझी गैरहजेरी, शेजारी शेजारी. दर चतुर्थीला दोघंबी न्हाई!"

भेटायला चतुर्थी मीच निवडली होती. राजूरला गणपतीच्या गर्दीत कोण कुणाला ओळखतं म्हणून! गर्दीनं झाकलं, हजेरीपटानं उघडं पाडलं.

बापूंनी तिचं नाव कॉलेजातून काढलं. गेली. मागं बघितलं न्हाई.

१३ सप्टेंबर

ऑफिसात घुसलो. मच्छिंद्र कारकून पान लावून राह्यला होता.

"आमची हजेरी कुणाला दिली?"

"इचारलं त्याला देतो, राजा. सोयरिकीच्या चौकशीला लोक आधी इथंच येतेत. वाटेला लावू का त्यांना?"

"आम्हाला विचारलं का?"

"तुझं काय त्यात? रजिस्टर कॉलेजचं!"

नाव माझं, दिवस माझे— आणि माझं काय त्यात! गचांडी धरली. प्राचार्य धावत आले. "माफी माग, न्हाईतर दाखला ने."

दाखला नेला. बीए दुसऱ्या वर्षातच खलास.

कागद तिच्या बापानंच नेला असणार. बघून घेईन त्याला!

१९ सप्टेंबर

आष्टीला घरी आलो. कॉलेज सोडल्याचं कुणाला सांगितलं न्हाई. जेवण जात न्हाई.

२ ऑक्टोबर

तिचं ठरलं. शहागडचा पोरगा, दोन ट्रकांचा मालक. तेही मच्छिंद्राकडं चौकशीला गेले तर? आमच्या चतुर्थ्या अजून तिथंच पडल्यात, कुणीही यावं, उघडून बघावं! तिचं काय होईल? मी इथं बसून काय करू?

५ ऑक्टोबर

तिच्या बापाला शिव्या घालत होतो. मायनं भाकरी तव्यावरच सोडली. "त्याला कशाला? कागद तुझ्या आबांनी आणला."

आबांनी? माझ्याच बापानं?

"पोळ्याला घरी आलास तवाच तू झुरून राह्यला होतास, म्हणून कॉलेजात इचारायला गेल्ते. कारकून म्हणला, एक पोरगीबी त्याच दिवशी नसती. जात एक निघाली. पोरीचंबी मन हाय, हे पटावं म्हणून कागद घेऊन गेल्ते तिच्या दारात— तुझ्यासाठी मागणी घालायला. आणि नारळ. कागद त्यानं ठेवून घेतला, नारळ परत धाडला."

नारळ देव्हाऱ्यात आहे. शेंडीसकट. इतके दिवस मला वाटलं, पूजेचाच.