काढून टाकलेला दिवा

१७ मार्च, सोमवार, दुपार

चि. राजास,

तुझ्या ताईचा आशीर्वाद. तो घ्यायचा की नाही, हे पत्र पुरतं वाचून झाल्यावर ठरव.

तुझी बायको आणि दोन्ही मुली इथे मजेत आहेत. धाकटी गाडीतून उतरली तेव्हा पार कोमेजली होती, आता अंगणभर हुंदडते आहे. थोरलीने माझ्या नवऱ्याकडून काजं करायला शिकायचा हट्ट धरलाय. ह्यांच्या भाजलेल्या बोटांत सुई राहत नाही, म्हणून हे नुसते तोंडाने सांगतात आणि ती शिवते. तिचं पहिलं काज बघून हे म्हणाले, यातून बटण नाही, मांजर जाईल. आई गेल्यापासून ह्यांनी केलेली ही पहिली चेष्टा. मी आत जाऊन डोळे पुसले.

मुलींना सोडायला आलास तेव्हा तू दारातूनच फिरलास. चहासुद्धा घेतला नाहीस. तुझी बायको म्हणाली, ह्यांच्यासमोर बसायला तुला अजून जड जातं, आईचं जाणं तू विसरू शकत नाहीस. मी मान हलवली. पण तू गाडी वळवत होतास तेव्हा मी फाटकाशी उभी होते. गाडी आचके देत होती आणि मागून नासक्या अंड्यांसारखा वास येत होता. असा वास तू आम्हाला विकलेल्या गाडीलाही यायचा. तुला सांगितलं तर तू म्हणाला होतास, ताई, तुझं नाक फार तिखट आहे.

संध्याकाळी भाजी निवडताना तुझी बायको तुझं कौतुक सांगत होती. विकली न गेलेली गाडी गिऱ्हाईक मिळेपर्यंत तू स्वतःच फिरवतोस. या गाडीचा स्टिअरिंगसमोरचा पिवळा दिवा सारखा लुकलुकायला लागला, तर तू दिवाच काढून टाकलास. मी विचारलं, असं चालतं का? ती हसली.

"न चालायला काय झालं? तुमच्या गाडीचाही काढला होता की. गिऱ्हाइकाला उगाच शंका नको म्हणतात."

बिचारीला आपण काय बोललो ते कळलंही नाही. मी भाजी निवडत राहिले. देठं पातेल्यात आणि पानं केरात टाकली, ते तिनेच दाखवलं.

दुसऱ्या दिवशी मी कोपऱ्यावरच्या मेकॅनिककडे गेले. मुद्दाम वेड पांघरून विचारलं, हा पिवळा दिवा कशासाठी असतो हो? त्याने सांगितलं ते तुला पाठ असणार, पण माझ्या शब्दांत एकदा ऐक. इंजिनाचा एक भाग पेटत नसला की न जळलेलं पेट्रोल धुराच्या नळीत उतरतं आणि तिथे जळतं. गाडीच्या पोटाखाली एक डबा असतो, तो तापून लालबुंद होतो. चढावर तर जास्तच. दिवा लुकलुकायला लागला की गाडी थांबवायची असते, आणि वाळलेल्या गवतावर तर ती मुळीच उभी करायची नसते. मी विचारलं, आणि दिवाच नसला तर? तो म्हणाला, मग माणसाने थांबावं तरी कशासाठी?

आम्ही थांबलो होतो, राजा. चढ संपल्यावर, आईला लागलेली झोप मोडू नये म्हणून. ह्यांनी गाडी कडेच्या गवतात घेतली, तिला धूर नको म्हणून लांब जाऊन सिगारेट पेटवली. मी पाणी आणायला टपरीकडे वळले होते. आग खालून आली. हे धावत आले, दार ओढताना हातांची सालं निघाली, पण दार उघडलं नाही.

इस्पितळात तू आलास तेव्हा आग कशी लागली हे अजून कुणी विचारलंही नव्हतं. तू आल्या आल्या म्हणालास, "सिगारेटने घात केला." चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या ह्याच. पण त्या दिवशी मला तू आईवेडा लेक वाटलास. तुझ्या एका वाक्याने मामांनी आमच्याशी संबंध तोडले. लोक ह्यांच्याकडे शिवायला कपडे टाकेनात, आणि टाकले असते तरी कात्री कुठल्या हाताने धरणार? आता हे दुसऱ्याच्या दुकानात बसून गिऱ्हाइकांची मापं नुसती सांगतात. सासूला जाळणारा जावई म्हणून लोक ओळखतात आणि हे मान खाली घालतात. ह्यांना स्वतःलाच ते खरं वाटतं. मलाही वाटलं. एका घरात राहून मी ह्यांना ताट वाढून द्यायची आणि आत निघून जायची. तू माझी आई घेतलीस, आणि नवरासुद्धा घेतलास.

काल ह्यांना सगळं सांगितलं. मला वाटलं, आता हे पेटून उठतील. हे म्हणाले, "म्हणजे राजाची ती गाडीही तशीच आहे? आधी त्याला फोन कर."

मी म्हटलं, तुम्ही करा. तर म्हणाले, माझा आवाज ऐकून तो ठेवून देईल, तूच कर. आणि तुझ्या बायकोसमोर विषय काढायचा नाही, पोरी घाबरतील, असंही बजावलं. मी फोन घेऊन मागच्या दारी गेले, थोडा वेळ उभी राहिले आणि परत आले. केला म्हणून सांगितलं.

खोटं बोलले. आपल्या दोघांना जन्म देणारी एकच, तेव्हा तुझं थोडं माझ्यातही असणारच.

मला एकच कोडं पडलंय. तुला सगळं ठाऊक असताना तू स्वतः अशी गाडी चालवतोस कसा? मग लक्षात आलं. सिगारेट, सिगारेट म्हणता म्हणता तुझाच त्यावर विश्वास बसला. गाडीने काही होत नाही, हे तू जगाला पटवलंस आणि मग तुलाही पटलं. मी यात काहीच केलेलं नाही.

रविवारी तू सगळ्यांना न्यायला तोच चढ चढून येणार आहेस. तुझी बायको आणि मुली त्या गाडीत बसणार नाहीत. त्यांची बसची तिकिटं मी काढली आहेत, त्यांना आयत्या वेळी सांगेन. त्यांच्या केसालाही धक्का लागू देणार नाही, त्याची काळजी नको. तुझ्यासाठी मात्र हे पत्र आहे. आज टाकलं की शनिवारपर्यंत तुझ्या दारात पडेल. तू टपाल कधी उघडत नाहीस हे मला माहीत आहे. लग्न झाल्यापासून तुझी पाकिटं तुझी बायकोच फोडते, आणि ती इथे आहे. तरीही पत्रच पाठवते आहे. आमच्या गाडीनेही आम्हाला इशारा दिला होता, तो दिसणार नाही एवढी सोय तू केली होतीस. मी तुला याहून कमी काही देत नाही, आणि जास्तही देणार नाही.

आताच हे येऊन विचारून गेले, राजा फोनवर काय म्हणाला? मी म्हटलं, रडला. तुमची माफी मागत होता. हे खाटेवर बसले, बोटांकडे बघत राहिले आणि म्हणाले, "जाऊ दे. लहान आहे तो."

तुझ्या वतीने मागितलेली माफी ह्यांनी दिली आहे. मी दिलेली नाही.

तुझी, एकाच आईची,
ताई