समास कोणाचा

११ जून
मदरशात इंग्रजी शिकवायचा दुसरा आठवडा. आठ मुलं, सगळी दाढी फुटलेली. अरबी-उर्दू पक्की, इंग्रजी वाचन लंगडं. आज ‘द ऑथर आर्ग्यूज’ आलं. दौलताबादच्या इम्रानने अर्थ सांगितला, “लेखक भांडतो.”
“कोणाशी?”
“ते लिहिलं नाय, मॅडम.”
हसू दाबलं. मुद्दा मांडतो, पटवून देतो, असं फळ्यावर लिहिलं.
बाकीचे सात भाषेसाठी येतात. इम्रानची महिन्याने विद्यापीठाची प्रवेश परीक्षा आहे. उतारा वाचायचा, लेखकाशी सहमत आहात का ते कारणांसह लिहायचं. घरात कॉलेज कोणी पाहिलेलं नाही.

१४ जून
शहराच्या जुन्या नहरींवरचा, म्हणजे जमिनीखालून पाणी आणणाऱ्या कालव्यांवरचा, लेख दिला. लेखक म्हणतो, लोकांच्या आळसामुळे नहरी बुजल्या. पटतं का? आठही जण: “बरोबर लिहिलंय, मॅडम.” इम्रानसुद्धा. मग परीक्षेत काय लिहिणार, कपाळ?
जाताना मदरसा चालवणाऱ्या मौलानासाहेबांना स्पष्ट सांगितलं, “मुलांना होयबा करून ठेवलंय तुम्ही.”
ते म्हणाले, “चहा घ्या.” घेतला नाही.

१५ जून
गुडघा ठणकतोय. पुंडलिकनगरहून रिक्षा दोनदा बदलावी लागते. तरी गेले. पुन्हा तेच, “बरोबर लिहिलंय.”

१९ जून
नहरींच्या लेखाच्या इम्रानकडच्या झेरॉक्सवर समासात पेन्सिलीने बारीक उर्दू. कॉलेजातली अख्खी नोकरी समास माझ्या लाल शाईसाठी राखला. चांगलं झापलं. “समास शिक्षकाचा. तुझा नाही.”
तो उठला, आतून त्याची किताब घेऊन आला. पानाच्या मधोमध थोडा मजकूर, चारी बाजूंनी मुंगीएवढी अक्षरं, काही तिरकी, काही उलटी.
“हे काय?”
“हाशिया. म्हंजी समासच. मधी असल किताब. ही तिच्यावरची टीका. हा कडंचा म्हणतो, टीकावाला हितं चुकला. अन् हा खालचा म्हणतो, चुकलास तूच.”
“आणि हा शब्द सारखा येतोय तो?”
“‘कोणी असं म्हणंल’. पुढं, ‘तर मी म्हणतो’. मॅडम, हे आर्ग्यूच ना?”
शेकडो वर्षांचं भांडण एका पानात, आणि मी यांना फळ्यावर शिकवत होते.
“मग नहरीच्या लेखाला का नाही काही म्हणालास?”
“तुम्ही आणलेला लेख. तुमच्यासमोर त्याला चूक कसं म्हणायचं? लई बेअदबी.”
समासातलं वाचून दाखव म्हटलं. लिहिलं होतं: माझे आजोबा नहरीत उतरून गाळ काढायचे, ते आळशी नव्हते. वरून घरं बांधली, तोंडं बुजवली, उतरायचं कुठून?

२० जून
दोन कप चहा घेतला. ‘होयबा’ परत घेते, मी म्हणाले. मौलानासाहेब: “राहू द्या मॅडम, शब्द चांगला आहे. मुलांवर वापरतोय.”
लाल पेन घरीच ठेवलं. झेरॉक्स मुद्दाम रुंद समासाच्या काढल्या. नियम एकच, ‘इट मे बी सेड’ने सुरुवात, मग ‘आय से’. तासभर आठही जण त्या लेखकावर तुटून पडले. व्याकरण भयंकर. एकही वाक्य पोकळ नाही.

२ जुलै
इम्रानचा सराव पेपर कॉलेजच्या जुन्या मापाने तपासला. पहिल्या वर्गाचा. त्याला सांगितलं नाही. मौलानासाहेबांना सांगितलं, तर ते उठून उभे राहिले.

१० जुलै
परीक्षा झाली. इम्रान केंद्रावरून थेट माझ्या दारात.
“उतारा कशावर?”
“पाठांतर करणाऱ्यांवर, मॅडम. लेखक म्हणतो, असली पोरं प्रश्न विचारत नाहीत.”
“मग?”
“सोडलं नाय त्याला. पण जागा संपली. मग समासात लिहिलं.”
“किती?”
“चारी बाजूंनी.”
समासात काही लिहू नये, ही सूचना प्रत्येक उत्तरपत्रिकेवर असते. मी स्वतः समासातलं कधी वाचलं नाही, सरळ रेघ मारली. किती मुलांचं, कोण जाणे. आता तिकडे पेपर तपासायलाही माझ्यासारखीच कोणी बसली असेल तर?
रागवायला तोंड उघडलं. पण मी म्हणाले, “बस. समासात काय लिहिलंस, पहिल्यापासून सांग.”
सांगत होता. एकदाही अडवलं नाही.