लांबच्या टोकाकडून

माय, आज शाळेच्या मागच्या खोलीत एका बाईनं फळ्यावर 'जिंतूर' लिहिलं आणि मला तुझी पात आठवली. खुरपायला गेलं की प्रत्येकीच्या वाट्याला चार-पाच ओळींची लांबच लांब पट्टी यायची, तिला तुम्ही पात म्हणायचात. बाकीच्या बाया बांधावर पोचल्या की तिथूनच खुरपं लावायच्या. तू मात्र भाकरीचं फडकं आणि पाण्याची घागर बांधावरच्या लिंबाखाली ठेवून, सगळं वावर तुडवत पार पलीकडं जायचीस आणि तिथून लिंबाकडं तोंड करून बसायचीस. हिला फुकटचं चालायची लय हौस, म्हणून बाया हसायच्या. सुट्टीच्या दिवशी मीही तुझ्यामागं कुरकुरत यायचे. एकदा तू म्हणालीस, "हिकडून धरलं की पाणी मागं राहतंय. तिकडून धरलं की दर हाताला पाणी जवळ येतंय. रान तेवढंच हाय, पण ऊर दडपत न्हाई."

दहावीला गणितापुढं मी हात टेकले, तेव्हा तुला एक अक्षर येत नसताना तू माझं पुस्तक मागून उघडलंस. शेवटी कुठं जायचंय ते आधी बघून ये, म्हणालीस. मी चिडले, पण गणित उत्तराकडून मागं सोडवत आणायला त्याच महिन्यात शिकले आणि पास झाले. पुढं मास्तरीण झाले, सोनपेठला आले, ते त्या जोरावर. हे तुला कधी सांगितलं नाही. आईला काय सांगायचं, ती तर होतीच.

तू बोरीहून यायचीस, परभणीच्या स्टँडवर गाडी बदलून. पाटी वाचता येत नाही म्हणून दर वेळी कुणाला तरी विचारायचं. त्या दिवशी भलत्याच गाडीत बसलीस, कंडक्टरनं तिकिटाला विचारलं तेव्हा परभणी मागं पडली होती. मधेच उतरलीस, उन्हात चालत स्टँडवर परत गेलीस आणि दिवेलागणीला माझ्या दारात आलीस. पिशवीतली मेथी पार मान टाकून बसली होती. मी पाणी द्यायच्या आधी रागावले, चार जणांना विचारायचं ना, म्हणून. विचारलं की, चौघांनी चार गाड्या दाखवल्या, असं म्हणून तू हसलीस. मग पाणी पिऊन तांब्या खाली ठेवलास आणि म्हणालीस, "मला नुसतं सोनपेठ वाचायला शिकव. बाकी काय नगं. मंग मी कवाबी येईन."

असं मधूनच सुरू होत नसतं, मी म्हणाले. आधी मुळाक्षरं, मग बाराखडी, मग शब्द. दुसऱ्या दिवशी पाटी आणून तुला 'अ'पासून बसवलं. चौथ्या दिवशी तू घ आणि ध मध्ये अडकलीस. ह्यात सोनपेठ कधी येतंय, असं विचारलंस. मी म्हणाले, तुझ्या वयाला नाही जमायचं हे. तू पदरानं पाटी पुसलीस, भिंतीला नीट टेकवून ठेवलीस आणि भाकरी टाकायला उठलीस.

त्यानंतर तू एकटी आली नाहीस. दादाला सवड असेल तेव्हा, वर्षातून एकदा. पुढं तेही थांबलं, मग तूच गेलीस. बारा वर्षं झाली.

आजची ती बाई जन्मभर मेंढरांमागं हिंडलेली, लेक जिंतूरला दिलेली. लिहा-वाचायला शिकणाऱ्या बायांच्या वर्गात पहिल्याच दिवशी म्हणाली, बाई, मला लेकीच्या गावाची पाटी तेवढी वाचता आली पायजे. मुळाक्षरं माझ्या तोंडावर आली होती. पण मला लिंब दिसला. मी फळ्यावर मोठ्या अक्षरांत 'जिंतूर' लिहिलं आणि तिला तिथून एकेका अक्षराकडं मागं आणायला लागले. पंधरा दिवस लागले, माय. फक्त पंधरा. आता ती दुसरी अक्षरं आपणहून विचारायलीय. उद्या एकटी गाडीत बसणार आहे. बाया टाळ्या वाजवत होत्या आणि मी फळा पुसायचं निमित्त करून पाठ फिरवली.

तुझ्या वेळी माझी पद्धत चुकली, असं सकाळपासून स्वतःला समजावतेय. हा कागद हजेरीच्या वहीत राहणार, कुणी वाचणार नाही, तेव्हा तुझ्याशी तरी खोटं कशाला बोलू? माझं घर दोन खोल्यांचं, सासूबाई तिथंच. 'कवाबी येईन' म्हणालीस, पण तू अशी कवाबी यायला मला नको होतीस. म्हणून मी तुला 'अ'च्या बांधावरून सुरुवात करायला लावली.